युनोत इंटर्नशिप : ‘ग्रॅज्युएट’ म्हणजे नेमकं कोण?

प्लेसमेंटचा सीझन आला की कॅन्टीनमध्ये दोनच विषय असतात. पॅकेज आणि कटऑफ. त्यात मध्येच कुणीतरी म्हणतं, “अरे, युनोमध्ये पण इंटर्नशिप असते म्हणे!” लगेच दुसरा म्हणतो, “ते आपल्यासाठी नाही बाप्पा. ते दिल्ली-मुंबईवाल्यांसाठी.” विषय तिथेच संपतो आणि समोसे येतात.

विषय असा संपू नये म्हणून हा लेख. संयुक्त राष्ट्रसंघ आणि त्यासारख्या आंतरराष्ट्रीय संस्था विद्यार्थ्यांना काही महिने कामाला घेतात, हे खरं आहे. गोंदियातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला अर्ज करता येतो, हेही खरं आहे. पण कुणी, केव्हा आणि कुणाच्या पैशाने, हे तीन प्रश्न कुणी नीट समजावून सांगत नाही. तेच इथे एकेक करून पाहू.

या संस्था आपल्यापासून किती लांब?

गोंदिया म्हटलं की लोकांना विदर्भ एक्स्प्रेस आठवते, फार तर राइस मिल. जिनिव्हा आणि व्हिएन्ना आपल्याला टीव्हीवर दिसतात. पण जरा आजूबाजूला बघा. बिरसीच्या विमानतळावर पायलट घडवले जातात. कोणत्या विमानतळाला कोणता चार अक्षरी कोड आणि पायलटच्या लायसन्सचं किमान प्रमाण काय, हे ठरवणारी संस्था म्हणजे आयकाओ, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना. तिचं मुख्यालय कॅनडात माँट्रियलला आहे. तुमच्या मोबाइल नंबरापुढचं +९१ आलं कुठून? जिनिव्हाच्या आयटीयूकडून, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडून. ही संस्था १८६५ साली तारायंत्राच्या काळात सुरू झाली. तेंदूपत्ता आणि विडी हा तर आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांचा रोजगार! विडी कामगारांसारख्या घरी बसून काम करणाऱ्यांच्या हक्कांवर काम करणारी संस्था म्हणजे आयएलओ, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना.

आणि धान? फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस नावाच्या गावी इरी आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था, स्थापना १९६०. हरित क्रांतीच्या काळात गाजलेलं आयआर-८ हे बियाणं तिथूनच १९६६ मध्ये आलं. तिच्या बियाणे बँकेत १ लाख ३० हजारांहून जास्त भाताचे नमुने जपलेले आहेत. याच इरीचं दक्षिण आशियाचं केंद्र डिसेंबर २०१८ मध्ये वाराणसीला सुरू झालं. म्हणजे आपण ज्या पिकावर जगतो त्याची आंतरराष्ट्रीय संस्था एका रात्रीच्या रेल्वे प्रवासाच्या आसपास येऊन बसली आहे.

मराठी माणसाचा या संस्थांशी संबंधही आजकालचा नाही. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आयएलओची पहिली परिषद झाली, तेव्हा ना. म. जोशी तिथे गेले होते. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पण तो माणूस कोण हे आपल्याला ठाऊक नसतं. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला जागतिक बँक आणि नाणेनिधी यांची आखणी झाली. त्या परिषदेतल्या भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. त्यांची सरकारी नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे आपल्याच भागात गेलेली. तेव्हा ‘ते आपल्यासाठी नाही’ या वाक्याला इतिहासाचा आधार नाही.

शब्दाचा घोळ

आता मुख्य मुद्दा. या संस्थांच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, ही इंटर्नशिप ‘ग्रॅज्युएट स्टुडंट्स’साठी आहे. आपण वाचतो आणि म्हणतो, बी.ई. झालो की ग्रॅज्युएट, मग आपल्यासाठीच आहे. इथेच गडबड होते.

आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे ज्याने पहिली पदवी घेतली तो. पदवीधर. निवडणुकीतला पदवीधर मतदारसंघ असतो ना, तोच अर्थ. पण अमेरिकन इंग्रजीत ‘ग्रॅज्युएट स्टुडंट’ म्हणजे पहिली पदवी हातात असून पुढचं शिकतो आहे तो, म्हणजे आपल्या भाषेत पोस्ट-ग्रॅज्युएट. एम.टेक., एम.एस्सी., पीएच.डी.वाला. आणि आपण बी.ई.वाले त्यांच्या हिशेबात ‘अंडरग्रॅज्युएट’. एकच शब्द आणि दोन देशांत त्याच्यात एका पदवीचं अंतर! मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजीची भीती अशी कधी वाटली नाही. पण हा शब्द इंग्रजी येण्या-न येण्याचा नाहीच, तो व्यवस्थेचा आहे. म्हणून जाहिरातीत हा शब्द दिसला की खालची पात्रतेची ओळ वाचल्याशिवाय खूश होऊ नका आणि निराशही होऊ नका.

निराश का नको? कारण प्रत्येक संस्थेने ही रेघ वेगळ्या जागी ओढली आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाचं सचिवालय, म्हणजे न्यूयॉर्क, जिनिव्हा, व्हिएन्ना, नैरोबी वगैरे ठिकाणचं मुख्य ऑफिस, तीन प्रकारच्या लोकांना घेतं. एक, जे पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. दोन, जे पहिल्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. तीन, ज्यांची पदवी झाली आहे, पण इंटर्नशिप पदवी मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत सुरू होणार आहे. म्हणजे ‘ग्रॅज्युएट’ लिहिलेलं असलं तरी आपल्या फायनल इयरला दार उघडं आहे. थर्ड इयरला मात्र नाही.

आयएईए, म्हणजे व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, वय किमान २० आणि पहिल्या पदवीची किमान तीन वर्षं पूर्ण, एवढं मागते. सर्न ही जिनिव्हाजवळची कण-भौतिकीची प्रयोगशाळा. तिच्या उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रमालाही विद्यापीठातली तीन वर्षं पूर्ण झालेली चालतात, आणि तो कार्यक्रम बी.ई. आणि एम.टेक. पातळीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे, पीएच.डी.वाल्यांना तिथे प्रवेश नाही. याउलट आयएलओला पदव्युत्तर शिक्षणाचं शेवटचं वर्ष लागतं किंवा ते नुकतंच संपलेलं लागतं. जागतिक बँकेचा इंटर्नशिप कार्यक्रमही पदवी घेऊन पुढचं शिकणाऱ्यांसाठी आहे.

हे सगळं आपल्या सेमिस्टरच्या भाषेत लावलं तर असं होतं. सहावं सेमिस्टर संपलं की सर्न आणि आयएईए. सातवं सुरू झालं की युनोचं सचिवालय. निकालानंतर बारा महिने तेच दार अजून उघडं. एम.टेक.ला गेलात की आयएलओ आणि जागतिक बँक. हा जिना आहे. कोणत्या पायरीवर उभे आहोत ते आधी बघा, मग अर्ज करा.

यातली बारा महिन्यांची पायरी आपल्या कामाची आहे. कॅम्पसमध्ये सिलेक्शन झालं तरी पुष्कळ कंपन्या जॉइनिंगची तारीख पुढे ढकलतात. ऑफर लेटर हातात, काम नाही, आणि घरचे रोज विचारतात, “कधी बोलावणार?” हा रिकामा काळ इथे वापरता येतो. मात्र मोजणी अर्ज केल्याच्या तारखेपासून होत नाही, इंटर्नशिप सुरू होण्याच्या तारखेची होते. निकाल जुलैत लागला तर पुढच्या जुलैच्या आत तुम्ही तिथल्या खुर्चीवर बसलेले असायला हवे. निवड आणि व्हिसा यात सहज काही महिने जातात. म्हणून मार्चमध्ये जागे झालेल्याला हा नियम उपयोगाचा नाही.

आता पैशाचं

ज्यावर घरी खरी चर्चा होते तो हा मुद्दा. युनोच्या सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी आहे. दोन ते सहा महिने, आठवड्याचे पाच दिवस पूर्णवेळ काम, आणि मानधन शून्य. तिकीट, व्हिसा, राहणं, खाणं, आरोग्य विमा, सगळं आपलं. विमा तर सक्तीचा.

मी माझ्यापुरता न्यूयॉर्कच्या दोन महिन्यांचा अंदाज काढून पाहिला. तिथे दुसऱ्यांसोबत राहूनही एका खोलीचं भाडं महिन्याला हजार डॉलरच्या खाली मिळणं कठीण. म्हणजे दोन महिन्यांचे पावणेदोन लाख धरा. जाण्या-येण्याचं तिकीट लाखाच्या आसपास. खाणं, मेट्रो, फोन मिळून आणखी लाखभर. व्हिसा आणि विमा वेगळे. काटकसर करूनही साडेचार लाखांच्या घरात जातं. आता हाच आकडा धानात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. साडेचार लाख म्हणजे १९० क्विंटल धान. दहा-बारा एकरांचं पूर्ण पीक, तेही बियाणं, खत, रोवणीची मजुरी काहीच वजा न करता. दोन महिन्यांच्या अनुभवासाठी!

हा प्रश्न फक्त आपल्याला पडतो असं नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये डेव्हिड हाइड नावाचा न्यूझीलंडचा २२ वर्षांचा इंटर्न जिनिव्हात तंबूत राहतो, ही बातमी जगभर गेली. राहायला परवडत नाही म्हणून पठ्ठ्याने तळ्याकाठी तंबू ठोकला होता. लोकांचं लक्ष वेधायचा हेतूही त्यात होता, हे त्याने नंतर सांगितलं. पण लक्ष गेलं हे खरं. त्याने इंटर्नशिप सोडली, जिनिव्हातले इतर इंटर्न रस्त्यावर आले, आणि बिनपगारी कामाचा मुद्दा उघडपणे बोलला जाऊ लागला. जो आंतरराष्ट्रीय संघ समानतेचे ठराव करतो, त्याच्या दारात शिरायला बापाची ऐपत लागते, हे बरोबर आहे का? याचं उत्तर सगळ्या संस्थांनी सारखं दिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेत २०१८ मध्ये सदस्य देशांनी ठराव केला आणि २०२० पासून तिथल्या इंटर्नना निर्वाहभत्ता सुरू झाला. त्याच ठरावात २०२२ पर्यंत निम्मे इंटर्न तरी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असावेत असं ठरलं. सचिवालय मात्र तिथेच राहिलं.

इथे मला एक जुनी गोष्ट महत्त्वाची वाटते. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ती शिष्यवृत्ती नसती तर? बुद्धी तीच राहिली असती, पण बोट चुकली असती. म्हणून ‘टॅलेंट असेल तर माणूस पोचतोच’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. टॅलेंटला तिकीट लागतं.

माझं स्पष्ट मत असं, की शेत गहाण ठेवून किंवा व्याजाने पैसे काढून बिनपगारी इंटर्नशिपला जाऊ नये. शैक्षणिक कर्जही सहसा पदवीच्या कोर्ससाठी असतं, इंटर्नशिपसाठी नसतं. शिवाय ही इंटर्नशिप म्हणजे युनोतल्या नोकरीचं आश्वासन नाही, असं त्यांच्याच अटींमध्ये असतं. पण म्हणून विषय सोडायचा का? नाही. जिथे मानधन आहे तिथे आधी बघायचं.

जिथे पैसे मिळतात

सर्नपासून सुरुवात करू, कारण ते आपल्या, म्हणजे इंजिनिअरच्या सगळ्यात जवळचं आहे. उन्हाळ्यात साधारण दोन ते तीन महिने. सकाळी व्याख्यानं, उरलेला दिवस एखाद्या गटासोबत प्रत्यक्ष प्रोजेक्ट. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, मेकॅनिकल सगळ्यांना काम असतं, कारण सत्तावीस किलोमीटर घेराचं यंत्र फक्त भौतिकीवाल्यांनी चालत नाही. त्यात अतिथंड केलेली चुंबकं आहेत, निर्वात नळ्या आहेत, आणि सेकंदाला प्रचंड डेटा येतो. रोजचा भत्ता, प्रवासाला मदत आणि आरोग्य विमा मिळतो. अर्जाची मुदत सहसा जानेवारीअखेर संपते, म्हणजे दिवाळीनंतर तयारीला लागायचं. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तिथल्या आवारात २००४ मध्ये भारताने भेट दिलेली नटराजाची मूर्तीही आहे.

आयएईए आपल्या इंटर्नना मानधन देते. तिथे न्यूक्लिअरवाल्यांशिवाय कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, इतकंच काय कायदा आणि अकाउंट्सवाल्यांनाही घेतात. माझ्या मैत्रिणींसाठी आणखी एक माहिती. याच संस्थेने २०२० मध्ये मारी स्क्लोडोव्हस्का-क्युरी यांच्या नावाने फेलोशिप सुरू केली. ज्या मुली अणुविज्ञान किंवा त्याच्याशी संबंधित विषयात मास्टर्स करतात त्यांना वर्षाला १० हजार युरोपर्यंत फी आणि तेवढाच राहण्याचा खर्च, आणि पुढे बारा महिन्यांपर्यंत इंटर्नशिपची संधी. मास्टर्स अमेरिकेतच करायला हवं असंही नाही.

आयएलओ निर्वाहापुरतं मानधन देते, जागतिक बँक तासांवर पैसे देते. या दोन्ही मास्टर्सनंतरच्या पायऱ्या.

आणि एक दार आपल्या देशातच आहे. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची दिल्लीत इंटर्नशिप असते, पदवीधर आणि फायनल इयर दोघांसाठी, दरमहा १० हजार रुपये मानधनासह. ही आंतरराष्ट्रीय संस्था नाही, मान्य. पण आंतरराष्ट्रीय संस्थेत देश बोलतो कसा, हे तिथे बसून कळतं, आणि त्यासाठी व्हिसा लागत नाही.

इंजिनिअर तिथे करतो काय?

बऱ्याच जणांना वाटतं युनो म्हणजे भाषणं आणि झेंडे. तसं नाही. युनोसॅट नावाचा विभाग उपग्रहाच्या चित्रांवरून पूर आणि भूकंपाचे नकाशे तासांमध्ये तयार करतो. आपल्याकडे ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला, गावंच्या गावं पाण्यात होती. कोणत्या गावाचा रस्ता तुटला, होडी कुठून न्यायची, हे वरून दिसणाऱ्या चित्रातून सांगणं हे प्रोग्रॅमिंगचं काम आहे. शिवाय सर्व्हर आणि सायबर सुरक्षा आहे, सौर पंप आहेत, पाणी शुद्ध करायचे प्लँट आहेत, निर्वासितांच्या छावण्यांची आखणी आहे. सिव्हिलपासून आयटीपर्यंत सगळ्यांना जागा असते.

पण प्रत्येक जाहिरात एका विशिष्ट विभागाची असते. ‘युनोत अर्ज केला’ असं काही नसतं. अमुक ऑफिसच्या अमुक इंटर्नशिपसाठी अर्ज केला, असं असतं. म्हणून एकच बायोडाटा पन्नास ठिकाणी पाठवून उपयोग नाही.

अर्ज कसा करावा?

सचिवालयाचे अर्ज त्यांच्या करिअरच्या संकेतस्थळावर इन्स्पिरा नावाच्या सिस्टिममधून भरावे लागतात. आपला नेहमीचा रेझ्युमे अपलोड केला आणि झालं, असं नाही. शिक्षण, अनुभव, भाषा सगळं त्यांच्या फॉर्ममध्ये एकेक रकाना करून भरावं लागतं. सोबत कव्हर लेटर. शिकत असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे आपलं बोनाफाइड. ते ऑफिसमधून मिळायला किती दिवस लागतात हे तुम्हाला सांगायला नको, तेव्हा आधीच काढून ठेवा. मार्कशीटची स्कॅन प्रत आणि पासपोर्टही तयार असू द्या.

कव्हर लेटरमध्ये काय लिहायचं? ‘मला लहानपणापासून जगाची सेवा करायची आहे’ हे नको. हे हजारो जण लिहितात. त्यापेक्षा, केलेलं काम लिहा. आपल्याकडे राइस मिलमधून निघणाऱ्या तुसावर किती प्रोजेक्ट होतात! तुसाच्या राखेत सिलिका असते, ती सिमेंटमध्ये वापरतात, तूस जाळून वीजही करतात. सिव्हिलवाल्यांचे मामा तलावांचे सर्व्हे असतात. माजी मालगुजारी तलाव किती गाळाने भरले, पाणी किती कमी झालं, हे मोजलेलं असतं. आपण ते ‘लोकल प्रोजेक्ट’ म्हणून कमी लेखतो. पण जुने तलाव टिकवणं, शेतातल्या टाकाऊतून ऊर्जा काढणं हे विषय या संस्थांच्या रोजच्या कामाचे आहेत. फक्त आकडे द्या. किती तलाव, किती नमुने, कोणतं सॉफ्टवेअर, तुमचा स्वतःचा वाटा कोणता. गटाने केलेलं काम ‘मी केलं’ म्हणून लिहू नका, मुलाखतीत पकडलं जातं.

भाषेचं म्हणाल तर सचिवालयाच्या कामाच्या भाषा दोन, इंग्रजी आणि फ्रेंच. यातली एक नीट यायला हवी. जिनिव्हाला फ्रेंचचा उपयोग होतो, आणि सुरुवातीपुरती ती आता मोबाइलवरही शिकता येते. पण एक गोष्ट आपण विसरतो. युनिसेफचं महाराष्ट्रासाठीचं ऑफिस मुंबईत आहे. इथल्या गावांत काम करणाऱ्या कार्यक्रमाला मराठी बोलणारा माणूस लागतो. हिंदी येते, छत्तीसगडी कळते, घरी कुणाला गोंडी येते? ते सगळं भाषेच्या रकान्यात लिहा. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मराठी बोललं की दंड होता. इथे त्याच मराठीचे मार्क आहेत!

मावशी, काका किंवा भाऊ युनोत असेल तर वशिला लागेल का? उलट आहे. सचिवालयाच्या नियमात तिथल्या कर्मचाऱ्याच्या मुलांना आणि सख्ख्या भावंडांना ही इंटर्नशिप मिळत नाही. आपल्यासारख्यांना ही चांगली बातमी आहे.

सावधान!

‘युनोमध्ये सिलेक्शन झालं आहे, रजिस्ट्रेशनचे पंधरा हजार भरा’ असे मेल येतात. निळा लोगो, सही, शिक्का सगळं असतं. लक्षात ठेवा, संयुक्त राष्ट्रसंघ अर्जापासून निवडीपर्यंत कोणत्याही टप्प्यावर फी घेत नाही. बँकेची माहितीही विचारत नाही. पैसे मागितले की ते खोटं, विषय संपला. तसंच हॉटेलमध्ये दोन दिवस भाषणं करून सर्टिफिकेट देणारे ‘मॉडेल युनो’चे कार्यक्रम असतात. वक्तृत्वासाठी ते चांगले असतील, पण ती युनोची इंटर्नशिप नाही.

आणखी एक. २०२५ पासून संयुक्त राष्ट्रसंघात आणि तिच्या संलग्न संस्थांत खर्चकपात सुरू आहे. जागा कमी होतात, कार्यक्रम बदलतात. म्हणून या लेखातली पात्रतेची माहिती दिशा म्हणून वापरा आणि अर्ज करायच्या दिवशी त्या संस्थेच्या स्वतःच्या पानावर अट पुन्हा वाचा. सीनियरने सांगितलं म्हणून नाही, आणि मी लिहिलं म्हणूनही नाही.

थर्ड इयरवाल्यांनी काय करावं?

मी स्वतः थर्ड इयरला आहे, म्हणजे सचिवालयाच्या पायरीवर अजून पोचले नाही. पण हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. युनोचा स्वयंसेवक विभाग आहे, युएनव्ही, मुख्यालय जर्मनीत बॉनला. तो घरबसल्या करायची ऑनलाइन स्वयंसेवा देतो. वय १८ पूर्ण हवं. एखाद्या संस्थेसाठी वेबसाइट करणं, डेटा साफ करणं, भाषांतर, डिझाइन, अशी कामं असतात. पैसे मिळत नाहीत, पण खर्चही नाही, आणि कॉलेज बुडत नाही. काम मनापासून केलं तर त्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि पुढच्या अर्जात लिहायला खरी गोष्ट मिळते. पदवीनंतर याच युएनव्हीतर्फे भारतात राहून पूर्णवेळ काम करणारे स्वयंसेवकही असतात, त्यांना निर्वाहभत्ता मिळतो. माझ्या मते साडेचार लाख घालून दोन महिने न्यूयॉर्कला जाण्यापेक्षा हा रस्ता आपल्यासारख्यांना जास्त जवळचा आहे.

ज्यांना पुढे खरोखर युनोत नोकरी करायची आहे त्यांच्यासाठी यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम नावाची परीक्षा आहे. पदवी हवी, वय ३२ पर्यंत. पण त्यात दरवर्षी ठराविक देशांच्याच नागरिकांना बसता येतं, ती यादी बदलत असते, तेव्हा आपला देश त्या वर्षी आहे का ते आधी पाहायचं.

थोडक्यात सांगायचं तर तीन प्रश्न स्वतःला विचारा. मी कोणत्या पायरीवर आहे? तिथे पैसे मिळतात का? आणि माझ्याकडे सांगण्यासारखं केलेलं काम आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्या संस्थांच्या हातात आहेत. तिसऱ्याचं आपल्या हातात आहे, आणि त्याची सुरुवात या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टपासूनही होऊ शकते. तो डाउनलोड करून सबमिट करू नका एवढीच विनंती.

कुणाला बोनाफाइडपासून कव्हर लेटरपर्यंत काही अडलं तर लायब्ररीत भेटा, मिळून बसू. सर्वांना शुभेच्छा!